कुजलेल्या रिळाचा सिनेमा: तो डाग नेमका येतो कुठून?

जुने सिनेमे हल्ली धुऊनपुसून, ‘४के’चा शिक्का घेऊन पुन्हा थिएटरात येतात. ओरखडे गेलेले, रंग टवटवीत. दुसरीकडे महोत्सवांत आणि संग्रहालयांत असे सिनेमे लागतात की ज्यांत नायिकेचा चेहरा बुडबुड्यांत विरघळतो, समुद्र मध्येच फुटून पांढरा होतो, आणि प्रेक्षक तासभर ते निमूट बघत बसतात. तिसरीकडे फोनवर एक बटण दाबलं की कालच्या व्हिडिओवर ‘जुन्या फिल्म’चे ओरखडे उमटतात. एकाला डाग पुसायचाय, दुसऱ्याला दाखवायचाय, तिसऱ्याला नकली का होईना, हवाच आहे.

खराब झालेली फिल्म बघण्यात कसली आलीय कला, हा प्रश्न इथे पडतोच. त्याचं उत्तर सौंदर्यशास्त्रात शोधण्याआधी रिळाच्या डब्यात शोधलेलं बरं. डाग कसा पडतो हे कळलं की या सिनेमांचं अर्धं कोडं सुटतं.

## फिल्म म्हणजे प्लास्टिकवर चढवलेला लेप

फिल्मचे ढोबळमानाने दोन भाग. खाली पारदर्शक प्लास्टिकची पट्टी, तिला पाया म्हणू. त्यावर जिलेटिनचा अतिशय पातळ थर, त्याला तंत्रज्ञ इमल्शन म्हणतात. आपण लेप म्हणू. चित्र असतं ते या लेपात: कृष्णधवल फिल्ममध्ये चांदीच्या सूक्ष्म कणांचं, रंगीत फिल्ममध्ये रंगद्रव्यांचं. जिलेटिन बनतं जनावरांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून. म्हणजे सिनेमाचं चित्र एका सेंद्रिय, बुरशीला आवडणाऱ्या पदार्थात अडकलेलं असतं. ते शंभर वर्षं टिकलं तर नवल, नासलं तर नाही.

३५ मिलिमीटर फिल्मवर एका फुटात १६ फ्रेम बसतात. सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगाने हजार फुटांचं रीळ साधारण ११ मिनिटं चालतं. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

पाया तीन प्रकारचा असतो. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत व्यावसायिक सिनेमा नायट्रेटवर होता: चित्र देखणं, पण पदार्थ स्फोटकांच्या जवळच्या नात्यातला. जळायला लागणारा ऑक्सिजन त्याच्या रेणूतच असतो, म्हणून पेटलेलं नायट्रेट पाण्याखालीही जळत राहतं. त्यानंतर आलं ॲसिटेट, ज्याला ‘सेफ्टी फिल्म’ म्हणत. आणि शेवटी पॉलिएस्टर, जे इतकं चिवट असतं की फिल्म अडकली तर ती तुटत नाही, यंत्राचाच भाग मोडतो.

## नासायला सुरुवात कशी होते

नायट्रेटच्या पायातून हळूहळू नायट्रोजन डायऑक्साइड वायू सुटतो. हवेतला ओलावा मिळाला की त्याचं नायट्रिक आम्ल होतं. ते आम्ल चांदीचं चित्र फिकं करतं, जिलेटिन मऊ करतं, डब्याला गंज आणतं आणि पाया आणखी वेगाने फोडतं. फुटलेल्या पायातून आणखी वायू. नासण्याचं फळ हेच पुढच्या नासण्याचं बी होतं. म्हणून घट्ट बंद डबा नायट्रेटला घातक. वायू बाहेर जाऊ द्यावा लागतो.

ही घसरण पायऱ्यापायऱ्यांनी होते. आधी चित्र पिवळट-तपकिरी पडतं आणि आंबूस वास येतो. मग लेप चिकट होतो, वेटोळी एकमेकांना धरतात. मग पृष्ठभागावर बुडबुडे आणि मधासारखा स्राव. त्यानंतर अख्खं रीळ एक घट्ट गोळा होतं. शेवटी उरते ती तपकिरी पूड. पडद्यावर जे फुगे, झिरप आणि चिरफाळ्या दिसतात त्या बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरच्या. त्याआधी पाहण्यासारखं फारसं काही नसतं, त्यानंतर उलगडण्यासारखं काही उरत नाही. संधी मिळते ती एवढ्याच टप्प्यात.

ॲसिटेटची तऱ्हा वेगळी. त्यातून ॲसिटिक आम्ल सुटतं, म्हणजे व्हिनेगरमधलंच. डबा उघडताच नाकात तिडीक जाते, म्हणून याला ‘व्हिनेगर सिंड्रोम’ म्हणतात. एक नासका आंबा सगळी अढी नासवतो ही म्हण इथे शब्दशः लागू पडते. सुटलेल्या आम्लाने शेजारचे डबेही बिघडू शकतात. तपासण्यासाठी डब्यात एक रंग बदलणारी कागदी पट्टी दिवसभर ठेवतात. निळी राहिली तर ठीक, हिरवी म्हणजे सुरुवात झाली, पिवळी म्हणजे लगेच कॉपी करा. २१ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के आर्द्रतेत ताज्या ॲसिटेटला हा रोग लागायला साधारण ४० वर्षं लागतात, असा संग्राहकांचा ठोकताळा आहे. थंडावा वाढवला की हा काळ कित्येक पटींनी वाढतो.

रंगीत फिल्मचं दुखणं आणखी निराळं. डब्यात बंद, अंधारात असूनही तिचं निळसर-हिरवं रंगद्रव्य आधी उडतं. म्हणून १९६०-७०च्या दशकांतल्या कित्येक जुन्या प्रिंटा आज गुलाबी दिसतात. दिग्दर्शकाचा त्यात काही हात नाही.

## डाग तालात का धडधडतो

या सिनेमांमध्ये डाग लयीत येतात: दिसला, गेला, पुन्हा दिसला. कित्येकांना वाटतं की हे संकलकाने संगीताशी जुळवलंय. बहुतेकदा ते भूमितीचं काम असतं.

गुंडाळलेल्या चटईवर एका बाजूने तेल सांडलं असं समजा. ते दोन-चार वेटोळ्यांत झिरपेल. चटई उलगडली की डाग एकाच जागी नसेल, ठरावीक अंतराने पुन्हापुन्हा दिसेल. रिळाचंही तेच. हजार फुटांच्या रिळाचा व्यास सुमारे २५ सेंटिमीटर, म्हणजे बाहेरचं एक वेटोळं ७८ सेंटिमीटरचं. ३५ मिलिमीटर फिल्मवर एक फ्रेम १९ मिलिमीटरची, तेव्हा एका वेटोळ्यात ४१ फ्रेम आल्या. सेकंदाला २४ फ्रेमने चालवलं तर डाग दर १.७ सेकंदांनी परतेल. आत, गाभ्यापाशी व्यास ५ सेंटिमीटरवर येतो. तिथे एका वेटोळ्यात जेमतेम ८ फ्रेम, म्हणजे सेकंदाला तीन ठोके.

डब्याच्या एका बाजूने शिरलेला ओलावा गाभ्यापर्यंत पोचला असेल, तर रीळ बाहेरून आत चालत जाताना डागाची नाडी जलद होत जाते. संथ श्वासाची धाप होते. हे कुणी रचलेलं नसतं. डबा फडताळात कुठल्या कुशीवर पडून होता, त्याचा तो हिशोब असतो.

## मग हे रीळ प्रोजेक्टरवर चालवतात कसं?

चालवतच नाहीत. या सगळ्या प्रकारातली ही सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी सांगितली जाणारी गोष्ट.

नासलेली फिल्म आकसते. किती, हे बघायची साधी रीत आहे: ताज्या फिल्मच्या १०० फ्रेम मेजावर ताणून ठेवायच्या, शेजारी जुनी ठेवायची. तेवढ्याच लांबीत जुनीच्या १०१ फ्रेम बसल्या तर ती एक टक्का आकसली. ऐकायला क्षुल्लक, पण एक टक्क्यालाच कडेची छिद्रं प्रोजेक्टरच्या दातऱ्यांशी जुळेनाशी होतात, आणि दातऱ्या भोकं फाडत सुटतात. शिवाय दिव्याची उष्णता. नासू लागलेलं नायट्रेट दीर्घकाळ गरम राहिलं तर ४१ अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकतं.

म्हणून आधी रीळ हाताने, इंचाइंचाने उलगडतात. चिकटलेली वेटोळी सोडवतात, फाटलेली छिद्रं चिकटपट्टीने दुरुस्त करतात. मग दातऱ्यांऐवजी रुळांवर फिल्म सरकवणाऱ्या स्कॅनरवर, किंवा एक-एक फ्रेमचा फोटो काढणाऱ्या ऑप्टिकल प्रिंटरवर तिची नक्कल होते. ऑप्टिकल प्रिंटर म्हणजे समोरासमोर बसवलेले प्रोजेक्टर आणि कॅमेरा. एक दाखवतो, दुसरा टिपतो.

इथे एक गमतीचा पेच येतो. जीर्णोद्धाराच्या लॅबमध्ये नक्कल करताना फिल्म खास द्रवात भिजवतात. हा द्रव प्रकाशाला जवळजवळ पायाइतकाच वाकवतो, त्यामुळे पायावरचे ओरखडे भरून निघतात आणि दिसेनासे होतात. खरखरीत काचेवर पारदर्शक चिकटपट्टी लावली की ती जागा स्वच्छ दिसते, तसंच. डाग दाखवायचे असणाऱ्या दिग्दर्शकाला मात्र ठरवावं लागतं की कुठली जखम ठेवायची. नासण्याच्या खुणा ठेवून वापराचे ओरखडे घालवणं हा निवडीचाच भाग.

दुसरी निवड वेगाची. मूकपट साधारण सेकंदाला १६ ते १८ फ्रेमने चित्रित होत. एकेका फ्रेमवरचा डाग २४च्या वेगाने सेकंदाच्या चोविसाव्या भागात निघून जातो, डोळ्याला फक्त चुरचुर होते. प्रत्येक फ्रेम तीनदा छापली की तोच डाग सेकंदाचा आठवा भाग थांबतो. तेव्हा कुठे त्याला आकार येतो, तो उमलतो, वळवळतो. या सिनेमांचा तो संथ, स्वप्नासारखा वेग अशा छपाईतून आलेला असतो.

तेव्हा पडद्यावर दिसणारं कुजणं हे थांबवलेलं कुजणं आहे. ते दिसण्यासाठी आधी कुणीतरी त्या रिळाची सुस्थितीतली नक्कल करावी लागते. मूळ फिल्म त्यानंतरही डब्यात नासतच असते.

## बॉक्सर आणि तो खांब

या प्रकारातला सर्वांत परिचित सिनेमा म्हणजे अमेरिकन दिग्दर्शक बिल मॉरिसनचा ‘डिकेशिया’ (२००२). मायकेल गॉर्डनच्या संगीतावर बांधलेला, वाद्यंही मुद्दाम किंचित बेसूर लावलेली. २०१३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला.

त्यातला एकच शॉट घेऊ. एक मुष्टियोद्धा सराव करतोय. फ्रेमच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला ज्यावर ठोसे मारायचे ती पिशवी. पण नासलेल्या नायट्रेटने पिशवीची बाजू नेमकी खाऊन टाकलीय. तिथे उरलाय सळसळणारा, उकळणारा एक खांब. माणूस त्या खांबावर ठोसे मारतो, मागे सरतो, पुन्हा मारतो. ज्या पदार्थावर त्याचं चित्र टिकून आहे, त्याच्याच नाशाशी तो झुंजतोय असं वाटतं.

हा योगायोग आहे का? डाग योगायोगाचा, शॉट निवडलेला. संग्रहांतून डबेच्या डबे उघडून बघायचे आणि जिथे डाग व चित्र एकमेकांशी बोलतात असे तुकडे वेचायचे, हे इथे दिग्दर्शकाचं काम. नुसतं खराब झालेलं फुटेज मुबलक मिळतं, आणि खरं सांगायचं तर त्यातलं बरंचसं कंटाळवाणं असतं.

याच वाटेवर आधी पीटर डेलपिटने ‘लिरिकल नायट्रेट’ केला होता, नेदरलंड्समधले वितरक जाँ देस्मे यांच्या संग्रहातल्या जुन्या रिळांतून.

## यात आठवणीचा संबंध कुठे आला?

‘फिल्म म्हणजे स्मृती, डाग म्हणजे विस्मरण’ हे समीकरण आकर्षक आहे, पण अर्धंच बरोबर.

बरोबर कुठे, तर आठवण ही कपाटातल्या फोटोसारखी जशीच्या तशी राहत नाही. २००० साली मेंदूचे अभ्यासक करीम नादेर, ग्लेन शॅफे आणि जोसेफ लेडू यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगात दिसलं की पक्की झालेली भीतीची आठवण जागवली की काही काळ पुन्हा कच्ची होते. त्याच वेळी मेंदूत नवी प्रथिनं बनू दिली नाहीत, तर ती आठवण मोडते. म्हणजे आठवणं ही हाताळणी आहे, आणि हाताळल्याने वस्तू बदलते. रीळही प्रत्येक खेळात झिजतं. सर्वांत लाडका सिनेमा सर्वांत जास्त ओरखडलेला असतो.

चुकतं कुठे? मेंदू गाळलेल्या जागा गुपचूप भरतो आणि भरल्याचं आपल्याला कळूही देत नाही. फिल्म असं करत नाही. तिथे भोक म्हणजे भोकच. उलट ही गाळलेली जागा भरायला ती प्रेक्षकाला लावते.

हॉलिस फ्रॅम्प्टनचा ‘नॉस्टॅल्जिया’ (१९७१) हेच वेगळ्या मार्गाने करतो. त्यात रीळ नासत नाही, फोटो जळतात. विजेच्या शेगडीवर एकेक छायाचित्र ठेवलेलं. शेगडीची वेटोळी तापतात, कागदावर तिच्या आकाराची काळी नक्षी उमटते, कागद मुरडतो, राख होते. त्याच वेळी निवेदक एका फोटोविषयी सांगतो. पण ऐकता ऐकता लक्षात येतं की तो समोर जळणाऱ्या फोटोविषयी बोलतच नाहीये, पुढच्या फोटोविषयी बोलतोय. आता प्रेक्षकाला दोन कामं: जे ऐकलं ते पुढच्या फोटोसाठी धरून ठेवायचं, आणि जे जळतंय त्याच्याविषयी मघाशी काय ऐकलं ते आठवायचं. दोन्ही धड जमत नाही. आठवणीवर भाष्य ऐकण्याऐवजी स्वतःची आठवण निसटताना पकडली जाते.

## ‘हे तर फोनच्या फिल्टरनेही होतं’

होत नाही, आणि फरक ओळखता येतो. फिल्टर म्हणजे चित्रावर ठेवलेली काच. डाग वर तरंगतो, खालचा चेहरा जागच्या जागी शाबूत. खऱ्या नासण्यात चेहराच वाहून जातो, कारण चित्र आणि डाग एकाच लेपात असतात. व्हिडिओ थांबवून फ्रेम-फ्रेम पुढे न्या. फिल्टरचे ओरखडे थोड्या वेळाने तेच्या तेच परत येतात, आणि त्यांच्या पुनरावृत्तीला वेटोळ्याचा हिशोब लागू होत नाही.

रंगीत प्रिंटमध्ये आणखी सोपी खूण. तिच्या लेपात तीन थर असतात, वरचा किरमिजी, मधला निळसर-हिरवा, तळाला पिवळा. गडद भागावर उथळ ओरखडा पडला की हिरवी रेघ दिसते. आणखी खोल गेला की पिवळी. पायापर्यंत गेला की पांढरी. फिल्टर बनवणाऱ्यांना हे बहुधा ठाऊक नसतं. ते सगळीकडे पांढऱ्या रेघा मारतात.

## ‘वारसा नासवायचा कशाला?’

आक्षेप रास्त आहे. अमेरिकेत बनलेल्या मूक कथापटांपैकी सुमारे ७० टक्के पूर्णपणे हरवलेत, असं तिथल्या लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी २०१३ मध्ये झालेल्या पाहणीत दिसलं. अशा वेळी कुणी कलेच्या नावाखाली एकमेव प्रत ॲसिडात बुडवली तर तो गुन्हाच म्हणायला हवा.

पण इथे दोन जाती आहेत. आधीच नासलेलं सापडलं आणि त्याची नक्कल केली, ही एक. स्वतः नासवलं, ही दुसरी. दुसऱ्या जातीत १९८०च्या दशकात बॉनमधल्या श्मेल्ट्सडाहिन या गटाने फिल्म जमिनीत पुरली, जिवाणूंच्या स्वाधीन केली. २०१४च्या जूनमध्ये टोमोनारी निशिकावाने फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्रापासून साधारण २५ किलोमीटरवर १०० फूट कोरी निगेटिव्ह पाचोळ्याखाली सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत पुरून ठेवली. कॅमेरा नाही, भिंग नाही. त्या जागेने फिल्मवर जे उमटवलं तोच सिनेमा, जेमतेम दोन मिनिटांचा. यात कुणाचाही वारसा खर्ची पडला नाही. ताजी फिल्म, टाकाऊ प्रिंट किंवा जिच्या इतर प्रती सुरक्षित आहेत अशी प्रिंट, एवढंच वापरावं हा अलिखित नियम.

## करून बघायचं असेल तर

नायट्रेटला हात लावू नका. १९५२च्या आधीची ३५ मिलिमीटर फिल्म सापडली तर तिला नायट्रेटच समजा आणि संग्रहालयाला कळवा.

१०० फूट टाकाऊ १६ मिलिमीटर फिल्म पुरते. त्यात ४,००० फ्रेम, चालवली तर पावणेतीन मिनिटं. घट्ट रीळ पुरलं तर फक्त कडा नासतात, म्हणून वेटोळी सैल करा. खतमाती पिळलेल्या स्पंजाइतकी ओलसर हवी. चिखल झाला तर माती लेपाला चिकटते आणि सुटताना चित्र घेऊन जाते. आठवड्याने एक टोक ओढून बघा, मग दर तीन-चार दिवसांनी. बहुतेकांची चूक एकच होते, जास्त थांबतात. जिवाणूंनी जिलेटिन संपवलं की हाती येतं ते धुतलेलं, कोरं प्लास्टिक.

काढल्यावर २० अंशांच्या आसपासच्या स्थिर पाण्यात बुडवा. गरम पाण्यात कुजलेला लेप सरळ वाहून जातो, आणि वाहत्या नळाखालीही तेच. बोटाने चोळू नका. लेपाची बाजू कुठली हे कळत नसेल तर फिल्मचं कोरडं, स्वच्छ टोक मातीत घालण्याआधीच ओलसर ओठाला लावून बघा. जी बाजू चिकटते ती लेपाची. वाळवताना ती बाजू कशालाही टेकू देऊ नका.

घाई असेल तर घरगुती ब्लीच दहापट पाण्यात मिसळून ब्रशने लावतात. काही सेकंदांतच लेप सुटू लागतो, म्हणून आधी छोट्या तुकड्यावर चाचणी. खिडकी उघडी, हातमोजे घातलेले. व्हिनेगरचा वास येणाऱ्या फिल्मवर ब्लीच कधीच नाही, आम्लाशी गाठ पडली की क्लोरीन वायू सुटतो. आणि तयार फिल्म आधी स्कॅन करा. फुगलेला लेप प्रोजेक्टरच्या फटीत चिकटतो आणि तिथेच सोलून निघतो.

## ‘डिजिटल तर कुजत नाही’

कुजत नाही, एकदम मरतं. फिल्मचा कोपरा गेला तरी बाकीचं दिसतं. फाइल काल उघडत होती, आज नाही. डेटा साठवण्याच्या एलटीओ टेपच्या आठव्या पिढीचं यंत्र फक्त स्वतःची आणि सातव्या पिढीची टेप वाचतं, तेव्हा दर काही वर्षांनी सगळं नव्या टेपवर हलवत राहणं आलंच.

तरी डिजिटल बिघाडाचाही सिनेमा होतो. व्हिडिओच्या फाइलमध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. अधूनमधून एक पूर्ण चित्र आणि मध्ये फक्त ‘काय कुठे सरकलं’ याच्या सूचना. पूर्ण चित्र काढून टाकलं की सूचना आधीच्याच चित्राला लागू होतात, आणि एकाचा चेहरा दुसऱ्याच्या हालचालींनी हलू लागतो. विस्मरणापेक्षा हे दोन आठवणींच्या गल्लतीच्या जास्त जवळचं.

## मग सापडलेली फिल्म साफ करायची की नाही?

कॅनडाच्या युकॉन प्रदेशातल्या डॉसन सिटीत १९२९ मध्ये जुनी नायट्रेट रिळं बर्फावर स्केटिंग करण्याच्या मैदानासाठी बुजवलेल्या पोहण्याच्या तलावात भराव म्हणून टाकली गेली. १९७८ मध्ये खोदकामात त्यातली ५३३ रिळं बाहेर आली. गोठलेल्या जमिनीने ती जपली होती, पण वितळत्या बर्फाचं पाणी वेटोळ्यांच्या कडांतून आत शिरलं होतं. त्यामुळे या रिळांतल्या चित्राच्या दोन्ही बाजूंना एक पांढरी फडफड दिसते. मध्ये माणसं बेसबॉल खेळतायत आणि कडेला पडदा वाऱ्यावर हलतोय तशी. संग्रहालयातल्या लोकांनी तिला ‘डॉसनची फडफड’ असं नावच दिलंय. कुठून आलं हे ठाऊक नसलेलं फुटेज समोर आलं आणि कडेला ती फडफड दिसली, तर ते त्या तलावातलं आहे हे जाणकार डब्यावरची चिठ्ठी न वाचता सांगतात. सॉफ्टवेअरने ती फडफड पुसता येते.